फुकट्यांची फौज म्हणे!

सौंसरला एका व्याख्यानात एक गृहस्थ म्हणाले, जुन्या व्हिडिओ गेममध्ये फेरफार करत बसणारी पोरं म्हणजे फुकट्यांची फौज. चोरीची सीडी आणायची, नवा गेम घ्यायला खिशात पैसे नाहीत म्हणून जुन्यालाच रंगरंगोटी करायची, आणि त्याला 'मॉडिंग' असं भारदस्त नाव द्यायचं. गेम मुळात चांगला असता तर हात लावायची वेळच आली नसती. शिवाय ज्याचा खप मोठा, त्याच्याभोवती गर्दी जमणारच. टाळ्या पडल्या. आमच्या भागात माणूस ठासून बोलला की टाळ्या पडतात.

गेम वाईट म्हणून मॉड होतात आणि गेम धो धो खपला म्हणूनही होतात, हे दोन्ही एका दमात कसं म्हणता येतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. खपाचं आधी उरकतो. 'वी स्पोर्ट्स' या गेमच्या ८ कोटींवर प्रती गेल्या. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली'च्या त्याच्या एक दशांशही नाहीत. तरी २००१ च्या त्या मेलीला २०२० मध्ये चाहत्यांनीच 'स्लिपी' जोडून दिलं, म्हणजे घरबसल्या दूरच्या गड्याशी न अडखळता खेळता येऊ लागलं. वी स्पोर्ट्सकडे त्या मानाने शुकशुकाट. खपाचा मुद्दा इथे संपला.

आता फुकटेपणा. आपल्याकडच्या कोणत्याही पस्तिशीच्या माणसाला 'क्रिकेट ०७' विचारा. नोव्हेंबर २००६ मध्ये ईए स्पोर्ट्सने प्लेस्टेशन २ आणि पीसीसाठी काढलेला हा गेम. मुखपृष्ठावर फ्लिंटॉफ, समालोचनाला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस, सगळा थाट अॅशेसचा. ऑस्ट्रेलिया-इंग्लंडच्या खेळाडूंची नावं खरी. आपल्या संघाची मात्र परवान्याअभावी बनावट. जगात क्रिकेटवर सर्वांत जास्त जीव टाकणाऱ्या देशाचा संघ खोट्या नावांनी फलंदाजीला उतरतोय! त्यात कंपनीने पुढचा भाग काढलाच नाही. २००८ मध्ये आयपीएल आली. त्याच वर्षी नागपूरजवळच्या जामठ्याला पहिली कसोटी झाली, गांगुलीची ती शेवटची. आम्हा लोधीखेड्याच्या लोकांना भोपाळपेक्षा नागपूर जवळ, त्यामुळे जामठा आमचंच. गेमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो २००६ मध्येच थांबलेला.

मग पोरांनी काय केलं? रोस्टरची, म्हणजे खेळाडूंच्या यादीची, फाईल उघडून खरी नावं घातली. 'बिग' फायलींत बांधलेली 'एफएसएच' चित्रं सोडवून जर्सी, पॅड, हेल्मेट, बॅटवरचे स्टिकर नव्याने रंगवले. मैदानं केली, मेनू बदलले. लिलाव झाला की संघ पुन्हा नव्याने भरायचे, जाहिरातदार बदलला की छातीवरचा शिक्का बदलायचा, आणि हे एका मोसमापुरतं नाही, वर्षानुवर्षं. काहींनी तर प्लेस्टेशनच्या डीव्हीडीतच आयपीएल बसवली. हे सगळं कोणासाठी? नावही माहीत नसलेल्या कुणा तिसऱ्यासाठी. फुकट घेणाऱ्याला गृहस्थ फुकट्या म्हणतात, म्हणोत बापडे; पण परीक्षेच्या आदल्या रात्री जागून दुसऱ्याच्या गेममधली कॉलर रंगवणाऱ्याला कोणत्या रांगेत उभं करणार?

चोरीच्या सीड्या होत्या, नाही कोण म्हणतं? पण त्याच थप्पीत आणखी शेकडो गेम होते. त्यांना कोणी रोस्टर शिवले नाहीत. आणि जे पैसे मोजायला तयार होते त्यांच्या पदरी काय पडलं? २०१३ मध्ये अॅशेसचा अधिकृत गेम विक्रीला आला आणि काही दिवसांतच मागे घेऊन पैसे परत करावे लागले.

हा वाद तसा जुनाच. एप्रिल २०१५ मध्ये 'स्कायरिम' या गेमचे मॉड विकत द्यायचा घाट घातला गेला आणि आठवड्याच्या आत गुंडाळला गेला. मोबदल्याशिवाय कोणी काम करत नसतं, असं तेव्हा याच पंथाचे लोक सांगत होते. आता बिनमोबदला काम दिसतंय, तर त्याला फुकटेगिरी म्हणतात. ठरवा बाप्पा एकदा काय ते!

मग माझं म्हणणं काय? मॉड व्हायला खेळणाऱ्याला बोचेल अशी उणीव हवी, फायली हाताला लागायला हव्यात, आणि मालक एकतर निघून गेलेला हवा किंवा त्यानेच किल्ली दिलेली हवी. २०२३ मध्ये आमचा पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. छिंदवाडा' पुसून नवं नाव लिहायला कोणी भोपाळच्या कारागिराची वाट पाहिली नाही. नाव आपलं होतं आणि पाटीपर्यंत ब्रश पोचत होता.

किल्लीचं महत्त्व पटत नसेल तर पुन्हा स्कायरिमच घ्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने स्वतःचीच अवजारं पीसीवाल्यांना देऊन टाकली. २०१६ मध्ये तोच गेम नव्या रूपात एक्सबॉक्स वन आणि प्लेस्टेशन ४ वर मॉडच्या सोयीसह आला. एक्सबॉक्सवर मॉडसाठी ५ जीबी जागा. प्लेस्टेशनवर १ जीबी, आणि बाहेरचं चित्र किंवा आवाज आणायला बंदी. गेम तोच, साल तेच, खेळणारेही सारखेच हौशी. दोन्हीकडच्या मॉडच्या याद्या गृहस्थांनी शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि प्लेस्टेशनवालेच तेवढे कमी फुकटे कसे निघाले, हे पुढच्या व्याख्यानात सांगावं.