स्वस्तातला सूर

गाण्याबजावण्यासाठी स्वस्त टॅबलेट घेणारे दुकानात पडद्याचा चकचकाट बघतात. खरं तपासायचं ते बोट आणि आवाज यांच्यामधलं अंतर. स्वर दहा-बारा मिलिसेकंदांत उमटला तर हाताला कळतही नाही. तीस-चाळीस लागले की द्रुत लयीत पार भंबेरी उडते. स्वस्त अँड्रॉइडवर हे बरेचदा होतं, म्हणून माझा कौल वापरलेल्या आयपॅडला, त्यातही २०२१च्या नवव्या पिढीच्या. वाजवायचं गॅरेजबँड हे ॲप फुकट, आणि हेडफोनची पिन लावायची सोयही शाबूत. २०२२च्या दहाव्या पिढीत ती गेली. ब्लूटूथवर वाजवायच्या फंदात तर पडूच नका, तिथे उशीर ठरलेलाच. आयपॅडला खेळणं समजू नका: गोरिलाझ या बँडचा २०१०चा ‘द फॉल’ हा अल्बम त्यांच्या डेमन अल्बार्नने अमेरिकेच्या दौऱ्यात बहुतांशी आयपॅडवरच केला, तेही पहिल्यावहिल्या. अर्थात तानपुरा आणि ठेका लावून नुसता रियाज करायचा असेल, तर घरात पडलेला अँड्रॉइडही पुरे. आवाज एकदा सुरू झाला की बोटाचं काम संपतं. मैफलीत नेताना मात्र एअरप्लेन मोड लावा, नाहीतर आलापीत बँकेचा मेसेज किणकिणेल.