सशाला कोणती गोळी?

दिवाळीच्या सुमारास हरभऱ्याचे कोंब वर येतात आणि पाठोपाठ ससे हजर होतात. पैठण रस्त्यावरच्या चितेगावचे एक तरुण शेतकरी मला विचारत होते, "काका, सशासाठी रायफल कुठली बरी?"

पुस्तकी उत्तर सोपे आहे. १८८७ पासूनची पॉइंट २२ लाँग रायफल! गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अवघी अडीच ग्रॅमची. आवाज बेताचा, धक्का नाहीच. २००२ साली आलेली पॉइंट १७ त्याहून हलकी, पण भलतीच वेगवान.

पण वाचकहो, नेम चुकला तर २२ची गोळीही मैलभर जाऊ शकते. आणि चितेगावात आता कारखाने आहेत, वस्ती आहे. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज सशाची शिकार हा गुन्हा आहे.

म्हणून मी त्यांना म्हटले, हरभऱ्याला बारीक जाळीचे कुंपण घाला. नेमबाजीची हौस असेल तर रीतसर क्लबात जा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटरवरून कांस्यपदक मिळवले, ते याच २२च्या गोळीने. त्यात एकही ससा मेला नाही!