कोणत्या नियमाखाली?

मुंबईच्या तुरुंगात एका स्थानबद्धाने मराठीत पुस्तक लिहिले, ‘अणूच्या अंतरंगात’. लेखक होते कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी, भारत संरक्षण नियमांखाली पकडलेले. लिहायला सरकारची परवानगी होती. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या, असा अर्ज केला तेव्हा मात्र महाराष्ट्र सरकारने मार्च 1965 मध्ये नकार कळवला. मुंबई उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका पाहिली. सामान्य वाचकाला पुंजसिद्धांत समजावून सांगणाऱ्या या पुस्तकाने देशाच्या संरक्षणाला काय धोका? निकाल लेखकाच्या बाजूने लागला. सरकार तरीही सर्वोच्च न्यायालयात गेले.

हे नियम चीनशी झालेल्या लढाईच्या वेळचे; ती लढाई नोव्हेंबर 1962 मध्येच थांबली होती. तिच्यापायी 26 ऑक्टोबर 1962 ला पुकारलेली आणीबाणी मात्र जानेवारी 1968 पर्यंत उठली नाही. घटनेच्या अनुच्छेद 358 मुळे त्या काळात अभिव्यक्तिस्वातंत्र्य स्थगितच होते. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक छापण्याचा हक्क कुठे दिलेला नाही, म्हणून तो नाही, असा सरकारचा युक्तिवाद. न्या. सुब्बाराव यांनी तो उलटा फिरवला: अटींत बंधने लिहिलेली असतात, जे बंधन लिहिलेले नाही, ते सरकारला घालता येणार नाही. निकालाची तारीख 6 सप्टेंबर 1965. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोर आघाडीवर सीमा ओलांडली. ऐन युद्धात न्यायालय सरकारला विचारत होते, कोणत्या नियमाखाली?

युद्धकाळात बोलण्यावर मर्यादा असू नयेत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. 26/11 च्या थेट प्रक्षेपणाने जवानांचे जीव धोक्यात आले, हे सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात वाहिन्यांना ठणकावून सांगितले आहे. सैन्याच्या हालचाली दाखवू नका, हे बंधन रास्त आहे; ते लिखित आहे आणि त्याचा हेतू कुणालाही कळतो.

मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी आणीबाणी पुकारलेली नव्हती. म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद 19 पूर्ण शाबूत होता. तरी आठ हजारांहून अधिक खाती भारतात बंद करण्याचे आदेश आल्याचे ‘एक्स’ने जाहीर केले, कोणत्या मजकुराने कायदा मोडला हे बहुतेक प्रकरणांत सांगितलेलेच नाही, अशी त्यांची तक्रार होती. पुण्यात एका विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या पोस्टपायी अटक झाली. पोस्ट तिने काढून टाकली होती, माफीही मागितली होती. सुटकेसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, आणि न्यायालयाने राज्य सरकारचे चांगलेच कान उपटले.

गंमत अशी की, 1962 ची आणीबाणी निदान राजपत्रात छापलेली होती. आज खाते बंद करण्याचा आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली निघतो आणि 2009 च्या नियमांतील नियम 16 त्यावर गोपनीयतेचे पांघरूण घालतो. ज्याचे तोंड बंद केले, त्याच्याच हातात आदेश पडत नाही. मग तो न्यायालयात आव्हान कशाला देणार? 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 358 ला वेसण घातली: युद्ध किंवा परकीय आक्रमण असेल तरच अनुच्छेद 19 स्थगित होतो, आणि आणीबाणीशी संबंध असल्याचे कायद्यातच नमूद करावे लागते. पण आणीबाणी न पुकारताच काम भागत असेल, तर या वेसणीचा उपयोग काय?

संसदेने दोन गोष्टी कराव्यात. बंदीचा आदेश कारणांसह संबंधिताला मिळालाच पाहिजे, आणि संघर्षकाळातल्या प्रत्येक आदेशावर तो संपण्याची तारीख हवी. मुदत वाढवायची तर नव्याने कारण द्या. तुरुंगातल्या माणसाला 1965 मध्ये जे उत्तर मागता आले, ते आज मोकळ्या नागरिकाला मागता येत नसेल, तर आपण मागे गेलो आहोत.