शब्दांच्या मागावर : गादी

मंडळी, यंदाचा शब्द माझ्या लेकीनं दिला. मराठीच्या वर्गात सातारची गादी आणि कोल्हापूरची गादी शिकून आली आणि म्हणाली, "बाबा, एवढं भांडण गादीवरून? दुसरी शिवून घ्यायची ना!"

हसलो, पण पोरीचं फारसं चुकलं नव्हतं. १७१० मध्ये ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली, १७३१ च्या वारणेच्या तहानं दोन्ही गाद्यांची हद्द ठरली. आणि त्याच शब्दावर आपण रोज झोपतो!

सिंहासनाचं तसं नाही. सिंह अधिक आसन. तो शब्द राजाचाच. तख्त फारसी. त्याच घरातला तख्ता म्हणजे लाकडी फळी. आपला तक्ता आणि जुन्या वाड्यांतली तक्तपोशी तिथलीच. रायगडावरच्या बत्तीस मण सोन्याच्या सिंहासनाबद्दल लिहिताना सभासदानंही ‘तक्त’च म्हटलं. इथे मस्कतमध्ये माझा लेबनानी सहकारी मात्र साध्या पलंगाला ‘तख्त’ म्हणतो. मसनद अरबी, म्हणजे टेकायची जागा. राजाची सनदही त्याच धातूतली. तिच्यावरही माणूस टेकूनच असतो.

या सगळ्यांत आपली गादी सर्वांत घरगुती. राजाची, मठाची, पैलवानाच्या कुस्तीची, रोपांच्या गादीवाफ्याची आणि दुकानाचीही.

सांगलीत दादांची हळदीची अडत होती. पांढऱ्या खोळीची गादी, मागे लोड, पुढ्यात चोपड्या. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी तिथे होतो. दादा उठले आणि म्हणाले, "बस जरा, मी चहा सांगून येतो." चहा सांगायला पोऱ्या होता. मी बसलो. त्यांच्या बसण्यानं गादीला पडलेल्या खळग्यात मला नीट बसता येईना. दादा पायरीवरूनच बराच वेळ पाहत राहिले, मग चहा घेऊन आले. दोघंही काही बोललो नाही. आठव्या दिवशी माझं विमान होतं.

या उन्हाळ्यात त्यांनी पेढी बंद केली. फोनवर म्हणाले, "गादीतला कापूस चांगला आहे रे. पिंजून घेतला. नातीच्या मापाची एक शिवून ठेवलीय, सुट्टीत आली की होईल."

लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"