‘थोडा करंट मारतो’

उन्हाळ्यात धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्यातल्या भाड्याच्या खोल्यांमधून फिरलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘कूलरला हात लावू नका, थोडा करंट मारतो.’ बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर भीती नसते. नळाला पाणी कधी येतं हे सांगावं, तितक्या सहज ते सांगितलं जातं. घरातल्या पोरांनाही सगळं पाठ असतं. चप्पल घालूनच बटण दाबायचं, ओल्या हातानं फ्रिज उघडायचा नाही, पाऊस चालू असला की बाथरूमच्या पत्र्याच्या दाराला शिवायचं नाही. धोक्यासोबत कसं राहायचं, हे भाडेकरू कुटुंब महिनाभरात शिकून घेतं. धोका काढून टाकायचा कुणी, हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.

आधी त्या ‘थोडा’ शब्दाचा हिशेब करू. घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. साधा ९ वॅटचा बल्ब पेटायला साधारण ४० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. एवढाच प्रवाह माणसाच्या छातीतून काही क्षण गेला, तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणजे बल्बाला पुरेल एवढी वीज माणूस मारायला पुरते. आज हात झटकला गेला, कारण पायात चप्पल होती आणि फरशी कोरडी होती. उद्या वजू करून ओल्या हातापायांनी कुणी त्याच कूलरला टेकलं, तर तोच ‘थोडा’ करंट थोडा राहत नाही.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘बोर्डावर एमसीबी बसवलाय, आता काळजी नाही,’ असं घरमालक सांगतो आणि भाडेकरूलाही ते खरं वाटतं. एमसीबी असतो वायर जळू नये म्हणून. ६ किंवा १६ अँपिअरच्या पुढे प्रवाह गेला की तो पडतो. माणूस मरतो तो त्याच्या कित्येक पट कमी प्रवाहानं, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसाला वाचवणारं यंत्र वेगळं आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअर प्रवाह गळू लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत ते वीज तोडतं. किंमत साधारण एका खोलीच्या महिन्याभराच्या भाड्याच्या आसपास. केंद्राच्या वीज सुरक्षा नियमांत अशा यंत्राची सक्ती आहे, पण ठराविक भारापेक्षा लहान घरगुती जोडण्यांना त्यातून सूट दिलेली आहे. एक पंखा, एक टीव्ही आणि एक कूलर असलेलं घर नेमकं त्या सुटीत बसतं.

दुसरा आधार अर्थिंगचा. गळालेल्या विजेला माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी जमिनीत जायला वाट करून द्यायची, एवढंच त्याचं काम. त्यासाठी खड्ड्यात पाइप किंवा पट्टी पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरतात, आणि ती माती ओली ठेवावी लागते. आपला जिल्हा काळ्या कातळाचा, मुरुमाचा आणि दुष्काळाचा. मे महिन्यात प्यायच्या पाण्यासाठी घागरी घेऊन टँकरची वाट बघणारी माणसं अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणार आहेत का? म्हणजे ज्या महिन्यांत लोखंडी अंगाचा, पाण्यानं भरलेला कूलर रात्रंदिवस चालतो, त्याच महिन्यांत अर्थिंग सुकून निकामी झालेलं असतं. हा योगायोग जीवघेणा आहे. बऱ्याच खोल्यांत तर अर्थिंगची वायरच नसते. थ्री-पिनचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेला असतं. काही ठिकाणी वायरमन तिथं न्यूट्रलचाच तुकडा जोडून मोकळा होतो. मग एखाद्या दिवशी मागं कुठं न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या अख्ख्या अंगात वीज उतरते.

घरांची जातही लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडची जुनी घरं दगडमातीची, वर माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं त्या दगडमातीखाली गाडली गेली. जड छताची धास्ती मनात बसली आणि डोक्यावर पत्रा असलेला बरा, असं वाटू लागलं. ते साहजिकच होतं. पण पत्र्याचं घर विजेला फार जवळचं. खांबावरून आलेली वायर पत्र्याच्या कडेला घासत राहते, एका दिवशी तिचं वरचं आवरण फाटतं आणि पूर्ण छप्परच जिवंत होतं. त्या छपराच्या अँगलला बांधलेल्या तारेवर बाई ओले कपडे टाकायला जाते. तिला सोडवायला नवरा धावतो आणि दोघंही जातात. पावसाळ्यात अशी बातमी महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येतेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत देशभरात विजेच्या धक्क्यानं मरणाऱ्यांचा आकडा अलीकडच्या वर्षांत दरसाल १२ हजारांच्या वर आहे.

धक्क्याखेरीज आगीचाही धोका आहे. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत, दाणा बाजारात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे आग लागली. खाली शिवणकामाचं दुकान होतं. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण धुरात गुदमरून गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. रमजानचे दिवस होते. १८ मे २०२५ ला, अगदी आपल्या शेजारी, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागून आठ जण गेले. कामगाराचं कुटुंब तिथंच राहत होतं. दोन्ही वेळा संशय विजेकडेच वळला. धंदा आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली, वायरिंग जुनं आणि भार नवा, ही रचना आपल्या मोहल्ल्यांमधल्या गल्लीगल्लीत आहे.

मग भाडेकरू बोलत का नाही? त्याला कळत नाही, असं समजणं हा त्याचा अपमान आहे. त्याला सगळं कळतं. एका खालांना मी विचारलं, की मालकाला सांगत का नाही. त्या म्हणाल्या, ‘बोले तो खोली खाली करो बोलता. बच्चे लेके किधर जाना?’ या दोन वाक्यांत सगळं आलं. नव्या कॉलन्यांमध्ये नाव ऐकून खोली नाकारली जाते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतलाय. दलितांच्या, भटक्या समाजातल्या माणसाच्या, एकट्या बाईच्या वाट्यालाही तेच येतं. मग बदली होऊन आलेला शिक्षक असो, दवाखान्यातला कंपाउंडर असो की शिलाईकाम करणारं कुटुंब, सगळे फिरून मोहल्ल्यातच खोली शोधतात. खोल्या थोड्या आणि मागणारे फार. अशा बाजारात तक्रार करणं म्हणजे बोचकं बांधायची तयारी करणं. त्यात मालक बहुतेक वेळा आपल्यातलाच. जुम्म्याला एकाच सफेत उभा राहणारा, आजारपणात उसने पैसे देणारा. त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार?

कागदावरही भाडेकरू कुठंच नसतो. वीजबिल मालकाच्या नावावर असतं, म्हणून वीज कंपनीच्या लेखी ग्राहक तोच. मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची, मीटरच्या पुढची ग्राहकाची. खोलीतल्या बोर्डानं जीव घेतला तर ‘अंतर्गत वायरिंगचा दोष’ असा शेरा पडतो आणि प्रकरण मिटतं. एका मीटरवर चार-पाच खोल्या आणि प्रत्येकीला सबमीटर, हा तर सर्रास धंदा आहे. सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले गेले की बिल वरच्या टप्प्यात जातं. म्हणजे भाडेकरू महाग वीज वापरतो आणि तीही एका कुटुंबासाठी टाकलेल्या जुन्या वायरीतून.

कायदा मात्र वाटतो तितका रिकामा नाही. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता. त्याची आणि राज्यातल्या इतर दोन कायद्यांची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नं घेतली. हा कायदा लागू असलेल्या भागात, करारात वेगळं ठरलं नसेल तर, घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे (कलम १४). भाडेकरूनं पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची. दोन हजार भाडं असेल तर वर्षाला सहा हजार. एवढ्या पैशांत एका खोलीचं अर्थिंग आणि आरसीसीबी होऊ शकतं. ‘फार बोललास तर लाईट तोडीन,’ अशी धमकी देणाऱ्यासाठी कलम २९ आहे. योग्य कारणाशिवाय वीज-पाणी तोडता येत नाही. भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी मालकावर आहे (कलम ५५). ती केलेली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं आणि ते खोटं ठरवण्याचं ओझं मालकावर येतं. स्वतःच्या नावानं वेगळी जोडणीही भाडेकरूला मागता येते, कारण २००३ चा वीज कायदा मालकासोबत घरात राहणाऱ्यालाही तो हक्क देतो. मालकानं ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

कायद्याच्या भाषेनं ज्याचं मन वळत नाही, त्यानं आपल्या फिक्हकडे बघावं. भाड्याच्या व्यवहाराला फिक्हमध्ये ‘इजारा’ म्हणतात. त्यात मालक घर देत नाही, घराचा उपयोग विकत असतो. उपयोगच धोक्याचा असेल तर त्यानं काय विकलं? १८६९ ते १८७६ या काळात उस्मानी राजवटीत हनफी फिक्हच्या आधारे ‘मजल्ला’ ही संहिता तयार झाली. घराच्या उपयोगाला बाधा आणणारी दुरुस्ती मालकानं करायची आणि तो नाही म्हणाला तर भाडेकरूला घर सोडायची मोकळीक, असं त्यात आहे. तेव्हा बाब गळक्या छताची असेल, आज ती गळक्या विजेची आहे. भाडं वेळेवर घेणं हा हक्क असेल, तर भाडेकरूचा जीव सांभाळणं हा हुकूकुल इबादचा भाग आहे. नमाज-रोज्यानं त्याची भरपाई होत नाही.

घरमालकाची बाजूही खोटी नाही. आपल्याकडे अनेक ‘मालक’ म्हणजे दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या बेवा बाया किंवा आखातात राबून चार भिंती उभ्या केलेली माणसं आहेत. सगळं वायरिंग नव्यानं करा म्हटलं तर त्यांच्याकडे पैसा नसतो. म्हणून मागणी सगळ्यात आधी दोन गोष्टींचीच असावी. चालू स्थितीतलं अर्थिंग आणि आरसीसीबी. खर्च एकदम झेपत नसेल तर भाडेकरूनं करावा आणि भाड्यातून हप्त्यानं वळता करावा. तसा कागद दोघांनी साध्या भाषेत लिहून ठेवावा. काम मात्र परवाना असलेल्या वायरमनकडूनच व्हावं. फ्यूजला जाड तार गुंडाळून देणारा ‘कारागीर’ त्या क्षणी पंखा चालू करून देतो आणि आगीची सोय करून जातो.

सुरुवात वक्फच्या खोल्यांपासून व्हावी. मशिदी-दर्ग्यांच्या किती तरी खोल्या आणि गाळे भाड्यानं दिलेले आहेत. तिथं मालक कुणी एक माणूस नाही, जमात आहे, आणि जमातीनं स्वतःच्या भाडेकरूला ‘पटत नसेल तर जा’ म्हणणं शोभत नाही. रमजान सुरू होण्यापूर्वी मशिदीची रंगरंगोटी होते, झुंबरं पुसली जातात, नवे पंखे लागतात. त्याच आठवड्यात एक वायरमन टेस्टर घेऊन त्या खोल्यांमधून फिरला तर काय बिघडेल? सेहरीला अंधारात, झोपेत, पाणी तापवायची रॉड बादलीत सोडणाऱ्या आयाबहिणी तिथंच राहतात. एकट्या भाडेकरूनं तक्रार केली तर त्याचं बिऱ्हाड रस्त्यावर येतं. मोहल्ल्यातल्या चाळीस घरांनी मिळून सांगितलं तर कुणाकुणाची खोली खाली करून घेणार?

तोवर घरात एवढं तरी करा. करंट मारणारी वस्तू ‘सांभाळून’ वापरू नका, तिचा प्लग काढून ठेवा. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, बटण बंद केलेलं पुरत नाही. कपडे वाळत घालायला तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा. कुणी विजेला चिकटलं तर हातानं ओढू नका. आधी मेन स्विच पाडा, तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडानं बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा. खांबावरची वायर पत्र्याला घासत असेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. आरसीसीबी असेल तर महिन्यातून एकदा त्यावरचं चाचणीचं बटण दाबून बघा.

खोली बघायला जाताना आपण भाडं विचारतो, डिपॉझिट विचारतो, पाणी किती दिवसांनी येतं ते विचारतो. यापुढे अर्थिंग आहे का, हेही विचारा. पहिले दहा जण विचारतील तेव्हा मालक हसेल. अकराव्याला खोली दाखवायच्या आधी तो वायरमनला बोलावून घेईल.