हातगिअरचा हट्ट

बजाजची चेतक चालवलेल्यांना सिक्वेन्शियल गिअर म्हणजे काय हे शिकवायला नको. डाव्या मुठीत क्लच, आणि तीच मूठ फिरवली की एक, न्यूट्रल, दोन, तीन, चार. पायरीमागून पायरी, मधली गाळता येत नाही. फेरारीने १९८९ साली शर्यतीच्या गाडीत स्टिअरिंगमागे बोटांनी टाकायचे गिअर आणले, तेव्हा जगाने तोंडात बोट घातलं. आपले रिक्षावाले मात्र त्याआधीपासून हातानेच गिअर टाकत होते. (यंत्र निराळं, हे कबूल.)

सुरतेला उधन्यात राहणारा माझा भाचा सध्या असाच गिअर आजोबांच्या प्रीमियर पद्मिनीला बसवतो आहे. गाडी १९७४ची, निपाणीहून तिकडे गेलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कंपनीची ही गाडी. नाव काहीही असो, आपल्याकडे ती फियाटच. तिचा मूळचा गिअरही स्टिअरिंगच्या दांड्यावरच असतो. पण त्याला दोन हालचाली लागतात. लिव्हर आपल्याकडे ओढा किंवा पुढे सारा, मग वर-खाली करा. तिथून सळया गिअरबॉक्सपर्यंत जातात. त्यांचे बुश झिजले की गिअर अडकतो आणि भर चौकात बॉनेट उघडून हाताने सोडवावा लागतो. जुन्या फियाट-ॲम्बेसिडरवाल्यांनी हे भोगलेलं आहे.

एवढंच असतं तर नवे बुश घालून भागलं असतं. प्रश्न दाजींच्या डाव्या खांद्याचा आहे. खांदा आखडल्यापासून हात उचलून लिव्हर सारणं त्यांना जमत नाही. मनगट मात्र ठणठणीत. वडिलांची गाडी दोन वर्षं ते नुसती पुसतात. घरात बोलणं कन्नडमध्येच, त्यामुळे लेकाचा बेत ऐकल्यावर पहिला प्रश्न आला, "याक बेकप्पा इद?" पण नको असं काही म्हणाले नाहीत.

यंत्र असं. एका लोखंडी ड्रमवर वाकड्यातिकड्या खाचा कोरलेल्या असतात. लिव्हर एकदा ओढली की खटका ड्रमला एक घर पुढे फिरवतो आणि खाचेतल्या पिना सळयांना हव्या तेवढ्याच हलवतात. मोटारसायकलच्या पोटातही असाच ड्रम असतो. यंत्रमागावर टॅपेट फिरलं की ताण्याचे धागे ठरल्या क्रमाने वर-खाली होतात, तोच विचार. त्यामुळे उधन्यातल्या मागाच्या मिस्त्रीला तो चटकन कळला; आपल्या वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांनाही कळेल.

आतला गिअरबॉक्स जुनाच राहणार, म्हणून क्लच दाबणं सुटत नाही आणि गाडी तसूभरही जास्त पळणार नाही. सिग्नलला चौथ्यावर थांबलात तर तीन, दोन, एक असं उतरत यावं लागतं. लिव्हर दर वेळी मधोमध परत येते, म्हणून गिअरचा आकडा दाखवणारी सोय समोर हवी. आणि रिव्हर्सला वेगळी कडी हवीच. नाहीतर पहिल्यावरून न्यूट्रलला येता येता गाडी मागे धावायची. माझ्या मते सगळ्या खटाटोपात हीच कडी महत्त्वाची.

आता कायदा. गाडी पन्नाशी ओलांडलेली. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते, पण ती मूळ रूपात हवी. शिवाय ती नोंदणी घेतली की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. दुसरीकडे, मूळ बनावटीत परस्पर बदल करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलं आहे. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येच, शारीरिक अडचण असलेल्या माणसासाठी गाडीत बदल करायची वाट ठेवलेली आहे. भाच्याला शोभेची गाडी हवी की बापाने चालवायची, हे ठरवायला दोन दिवस लागले.

आधी आरटीओकडे लेखी अर्ज, सोबत डॉक्टरांचा दाखला. स्टिअरिंगच्या दांड्याला वेल्डिंग अजिबात नाही. सगळं क्लॅम्प-बोल्टने आवळायचं, म्हणजे उद्या उतरवता येईल. जुनी लिव्हर तेल चोळून, कापडात गुंडाळून माळ्यावर गेली आहे.

परवानगीची वाट बघता बघता भाच्याने लाकडी नमुना करून दांड्याला बांधला. दाजी रोज संध्याकाळी बंद गाडीत बसून लिव्हर ओढतात: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. रिव्हर्सच्या कडीपाशी अजून खांदा दुखतो. ती बोटभर खाली घ्यायला त्यांनी लेकाला सांगितलंय.