धून शिका, देणाऱ्याचे नाव लिहून ठेवा

आयरिश जिग आणि रील या नाचाच्या धुना मँडोलिनवर कशा बसवाव्यात, असे वाचक विचारतात. वाद्य त्यासाठी तयारच आहे. मँडोलिनची प्रत्येक तारजोडी आधीच्या जोडीच्या पंचमात असते, अगदी व्हायोलिनसारखी. त्यामुळे आयर्लंडच्या व्हायोलिनवादकांच्या धुना आपल्या बोटांखाली सहज येतात. बहुतेक धुनांचे आठ-आठ बारांचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. जिगचा बार दादऱ्यासारखा तीन-तीनचा, तर रीलचा केहरव्याच्या आठ मात्रांशी जुळणारा. जिगला पिक खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असा चालवावा. रीलला सलग खाली-वर.

अडचण आपल्या सवयीची आहे. सज्जाद हुसेन यांनी या वाद्यावर रागसंगीत वाजवले, लक्ष्मीकांत कुडाळकर मँडोलिनवादक म्हणूनच चित्रपटसंगीतात आले. त्या गाण्यांवर घडलेला हात प्रत्येक लांब स्वरावर कंप धरतो. नाचाच्या धुनेत त्याने ठेका पुसट होतो. तिथे तीन झटक्यांचा छोटा तुकडा पुरतो.

पण आयरिश परंपरेकडून घेण्यासारखी खरी गोष्ट तंत्रापलीकडची आहे. तिथे धून आधी कानाने घेतात, तोंडाने गुणगुणतात आणि मग हाताने वाजवतात. ती कोणाकडून मिळाली, हेही लक्षात ठेवतात. फ्रान्सिस ओ'नील हे काउंटी कॉर्कमधून अमेरिकेत गेलेले गृहस्थ 1901 ते 1905 या काळात शिकागोचे पोलीसप्रमुख होते. त्यांना स्वरलिपी लिहिता येत नव्हती. ते धुना वाजवून दाखवत आणि त्याच आडनावाचे सहकारी जेम्स ओ'नील त्या कागदावर उतरवत. त्यातूनच 1903 साली 1850 धुनांचा ग्रंथ निघाला. वाजवणारा एक आणि लिहिणारा एक, अशा जोडीने ते काम उभे राहिले.

आपल्याकडे धानपट्ट्यातील कामठ्यासारख्या गावांत अशी जोडी सहज जमेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या झाडीपट्टीत धानकापणीनंतर नाटकांचा हंगाम उभा राहतो, दिवाळीच्या सुमारास दंडारीच्या नाचाचे ताल घुमतात. या नाटकांच्या आणि दंडारीच्या धुना बहुधा म्हाताऱ्या कलावंतांच्या कंठात आहेत. कलावंत गेला की त्याच्यासोबत धूनही जाते. हे नुकसान आपण दरवर्षी सोसतो आणि ते आपल्या हाताने थांबवता येणारे आहे, म्हणूनच ते अधिक खुपते.

म्हणून वाचकांना आग्रहाची विनंती. एक आयरिश जिग कागद न पाहता, तुकड्या-तुकड्याने कानाने बसवा. आपल्याला ऐकून शिकणे किती जमते, हे त्यातून कळेल. मग तीच शिस्त घरच्या धुनेला लावा. गावातल्या जाणत्याकडे बसा, त्यांची परवानगी घेऊन चाल आवाजासह टिपा, स्वरलिपी लिहा आणि खाली देणाऱ्याचे नाव, गाव, वर्ष, प्रसंग नोंदवा. दोघांनी तीच चाल वेगळी सांगितली, तर दोन्ही ठेवा. एक बरोबर ठरवण्याची घाई करू नका. आणि धून हातात बसली की निदान दोन जणांना शिकवा. या मासिकाची पाने अशा नोंदींसाठी खुली आहेत. धून ज्याच्याकडून आली त्याचे नाव तिच्याबरोबर छापले जाईल, हा आमचा शब्द.